धूळपाटीवरचे पहिले अक्षर

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. आमच्या खान्देशात तेव्हा मृगाचा पाऊस एकतर येऊन गेलेला असतो, नाहीतर त्याची वाट पाहणे चालू असते. पहिलीच्या वर्गाच्या दाराशी नवी पाटी पोटाशी धरून एखादे पोर उभे असते. ते आत यायला तयार नसते. मागे उभा असलेला बाप म्हणतो, ‘‘गुर्जी, ह्याले हात धरीसन शिकाडा.’’

चौतीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले. सुरुवातीची वर्षे धुळे जिल्ह्यात आणि नंतरची जळगाव जिल्ह्यात. ‘हात धरून शिकवा’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकले. बोलणाऱ्याला त्यातून ‘नीट लक्ष द्या’ एवढेच सांगायचे असायचे. पण लिहायला शिकवणे म्हणजे अक्षरशः हात धरणेच असते. मुलाच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची आणि काढलेल्या अक्षरावरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवायची. याला आपण ‘गिरवणे’ म्हणतो. आज या गिरवण्याविषयीच थोडे बोलायचे आहे. विषय दिसायला अगदी लहान आहे. पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या धुळे-जळगावच्या मातीत घडलेला आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करू. कशाचाही आरंभ केला की आपण ‘श्रीगणेशा केला’ म्हणतो. कुणाचे अनुकरण केले की ‘कित्ता गिरवला’ म्हणतो. अगदी प्राथमिक ज्ञानाला जुनी माणसे ‘धुळाक्षर’ म्हणत, आणि एखाद्याला काहीच येत नसेल तर ‘याचा ओनामासुद्धा झालेला नाही’ असे म्हणत. हे चारही शब्द पंतोजींच्या शाळेतून आलेले आहेत. ‘ओ नामा सीधं’ हे ‘ॐ नमः सिद्धम्’चे मुलांच्या तोंडी झालेले रूप, पहिला धडा त्याने सुरू होई. कित्ता म्हणजे गुरूने काढून दिलेला नमुना. आणि धुळाक्षर म्हणजे खरोखरच धुळीत काढलेले अक्षर.

दगडी पाटी आपल्याला फार जुनी वाटते, पण ती शाळांतून रुळली एकोणिसाव्या शतकात. त्याआधी होती धूळपाटी. लाकडाची फळी घ्यायची, तिच्यावर बारीक माती किंवा विटेची भुकटी पसरायची, आणि बोटाने किंवा लाकडी काडीने अक्षर काढायचे. फळी हलवली की पाटी पुन्हा कोरी. खर्च काही नाही, आणि चूक पुसायला वेळही लागत नाही. शिवाय बोटाला मातीचा स्पर्श होतो, अक्षराचे वळण बोटाच्या टोकाला कळते. पेन्सिल धरायची कसरत नंतर. आधी हाताला वाट माहीत व्हायची.

ही साधी युक्ती एका परदेशी माणसाच्या नजरेत भरली. अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री १७८९ पासून मद्रासमध्ये अनाथ मुलांची शाळा सांभाळत होते. तिथे जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्यांनी पाहिली. त्यांनी तीच रीत आपल्या शाळेत आणली. थोडी मोठी मुले लहानांना शिकवतील अशी व्यवस्था तिला जोडली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. इंग्लंडात ही ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. पुढे जोसेफ लँकेस्टर यांनीही याच धर्तीवर शाळा चालवल्या, आणि गंमत अशी की १८२० नंतर मुंबई इलाख्यातल्या मराठी शाळांसाठी ‘लँकेस्टर पद्धत’ म्हणून ती विलायतेहून आपल्याकडे परत आली! आपलीच धूळ सातासमुद्रापार जाऊन साहेबी कपडे घालून घरी आली, असे म्हणायला हरकत नाही.

आता अक्षर कोणते गिरवायचे हा प्रश्न. आज आपल्याला वाटते की मराठी म्हणजे देवनागरी. पण कित्येक शतके मराठी माणूस दोन लिप्या वापरत होता. पोथी-पुराण बाळबोध अक्षरात, म्हणजे देवनागरीत. आणि पत्र, हिशेब, दस्तऐवज, कारभार मोडीत. मोडी ही धावती लिपी. हेमाडपंतांनी ती आणली असे परंपरा सांगते. कागदावर आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत जायचे. एक अक्षर संपते तिथूनच पुढचे निघते. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. इंग्रजीत ज्याला कर्सिव्ह म्हणतात ते आपल्याकडे आधीपासून होते, आणि दुकानदारापासून दिवाणापर्यंत सगळे ते वापरत होते. बाळबोधीत आधी अक्षर आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ. मोडीत आधी रेघ आणि मग अक्षर. एवढ्या एका फरकाने लिहिण्याची सगळी चाल बदलते.

मोडीलाही वळणे होती. चिटणिसी, बिवलकरी, रानडी अशी त्यांची नावे आजही अभ्यासक घेतात. ज्या दफ्तरात मुलगा उमेदवारी करी, त्या दफ्तराचे वळण त्याच्या हाताला लागे. तेही गिरवूनच.

हे सगळे मला पुस्तकातून कळण्याआधी घरातून कळले. आमच्या घरी मोठ्या मायची एक पत्र्याची पेटी होती. मोठी माय म्हणजे आजी. त्या पेटीत कापडात बांधलेले काही कागद होते. ‘जमिनीचे कागद’ एवढेच आम्हाला ठाऊक. वडिलांना मोडी अडखळत वाचता यायची, मला मुळीच नाही. माझी पिढी शाळेत आली तेव्हा मोडी अभ्यासक्रमातून गेलेली होती. वडील गेले, आणि तो गठ्ठा आमच्यासाठी मुका झाला. निवृत्त झाल्यावर मी तो घेऊन धुळ्यातल्या एका जाणकार गृहस्थांकडे गेलो.

त्यांनी एकेक कागद उलगडला. पहिला निघाला कर्जरोखा. खाली सावकाराच्या माणसाच्या हातचे माझ्या पणज्याचे नाव, आणि नावापुढे नांगराचे एक वेडेवाकडे चित्र. जाणकार म्हणाले, ‘‘ही निशाणी. लिहिता येत नसलेला शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा.’’ म्हणजे वर काय लिहिले आहे ते पणज्याला वाचता येत नव्हते. किती रुपये, किती व्याज, कोणते शेत गहाण, हे सगळे लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला तेव्हा जागोजाग कर्जरोखे आणि खातेवह्या जाळल्या गेल्या, हे मी वर्गात शिकवत आलो होतो. त्यांनी कागदच का जाळले, ते मला त्या दिवशी तो नांगर पाहून खऱ्या अर्थाने समजले. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, त्याला माणूस भितो.

गठ्ठ्यात पुढे काही पावत्या होत्या. त्यांवर आजोबांची सही होती. आणि शेवटी दोन कागद असे निघाले की ते पाहून जाणकार हसले. ‘‘गुरुजी, हे जमिनीचे नाहीत. हे तुमच्या धंद्यातले आहेत.’’ वर एका पक्क्या हाताने लिहिलेली ओळ होती, आणि तिच्याखाली तीच ओळ कच्च्या हाताने पुन्हा पुन्हा. तो आजोबांचा कित्ता होता. शेतीच्या कागदांइतकाच जपून तो बांधून ठेवला होता. मला वाटते, ज्याने ठेवला त्याचा हिशेब बरोबरच होता. बापाच्या नांगरापासून मुलाच्या सहीपर्यंतचा रस्ता त्या दोन कागदांवरून गेलेला होता.

धुळ्याला मी गेलो, यालाही कारण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून मोडी दफ्तरे गोळा करीत हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्या हिंडण्यातून उभे राहिले, पहिला खंड १८९८ चा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यात निधन झाले, आणि लगोलग जानेवारी १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. ज्या लिपीला बाजार आणि कचेरी सोडून जाणार होते, तिचे कागद धुळ्याने सांभाळले. २०१४ साली मोडीला संगणकाच्या युनिकोडमध्ये जागा मिळाली. पण संगणकात अक्षर असणे आणि ते वाचणारा माणूस असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धुळ्याचा दुसरा ठेवा म्हणजे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर. नानासाहेब म्हणजे शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून जमवली. त्यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने १९०५ साली दासबोध छापला, तो कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहून घेत, अशी परंपरा आहे. 

या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात चांगले अक्षर कसे काढावे याचा धडा! मला तो शिक्षक म्हणून फार आवडतो, कारण तो उपदेशात अडकत नाही, थेट कामाचे सांगतो. अक्षर गोल, सरळ आणि सुटे असावे. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये. म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही, म्हणून मध्यम आकार धरावा. आणि कागदाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडत नाही. जुनी पोथी हातात घेतली की या शेवटच्या सूचनेचे मोल कळते. कडा कुरतडलेल्या असतात, आणि मजकूर शाबूत असतो. वहीला समास सोडायला मुलांना सांगताना मी हेच कारण सांगत असे. मुले ‘गुर्जी सांगतात म्हणून’ नव्हे, तर ‘उंदराने खाल्ले तरी धडा राहावा म्हणून’ समास सोडू लागली.

कल्याणस्वामींचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. आपण बोलणाऱ्यांना लक्षात ठेवतो, लिहून घेणाऱ्यांना विसरतो. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर दिली. ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हते. पण सानेगुरुजी त्याच तुरुंगात होते आणि त्यांनी ती प्रवचने उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज अनेक भाषांत आहे, ते त्या एका हाताच्या वेगामुळे. हा हात आधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात तयार झालेला होता. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी तिथे शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढत. छापखाना नाही, जाहिरात नाही; सकाळी मुलांनी वाचावे म्हणून एका शिक्षकाने रात्री लिहायचे. पुढे नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून झाली, त्याचे आपल्याला आश्चर्य वाटते. पण त्यामागे रोजच्या रोज लिहिण्याचा हा सराव होता.

आणि तिसरा लिहून घेणारा हात जळगावचा. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्यांच्या तोंडून ओव्या निघत. पुत्र सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्या लिहून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. विद्यापीठाच्या दारावर जिचे नाव आहे, तिला अक्षरओळख नव्हती, ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगत असे. शहाणपण अक्षरावाचून असू शकते, हा तिचा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की, घरात एकाला जरी लिहिता आले नसते, तर ते शहाणपण त्या बाईबरोबरच गेले असते. अशा किती जणींचे गेले असेल, त्याची मोजदाद नाही.

आता माझ्या वर्गाकडे येतो. मी नवा होतो तेव्हा अ, आ, इ, ई या क्रमाने शिकवायला जाई. ‘अ’ हे मुलाच्या हाताला अवघड अक्षर. त्यात दोन अर्धगोल, आडवी रेघ आणि उभी रेघ. पहिल्याच दिवशी पोर रडकुंडीला येई. मग एका जुन्या सहकाऱ्याने मला ‘ग म भ न’चा क्रम समजावून दिला. आकाराने सारखी असलेली अक्षरे एकत्र घ्यायची. ग, म, भ, न या चौघांनाही शेवटी उभा दांडा आहे आणि पोटात एखादी गाठ. एकाचा हात बसला की दुसरे सोपे. पुढे व, ब, क यांचे कुटुंब; मग र, स, ख यांचे.

या क्रमाचा आमच्या भागात आणखी एक फायदा झाला. आमची मुले घरी अहिराणी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना पहिल्या दिवशी परकी वाटते. पण म आणि न ही दोन अक्षरे आली, त्यांना काना जोडला, की अहिराणी पोराला ‘मना’ लिहिता येते. मना म्हणजे माझा. वेलांटी आली की ‘मनी’, म्हणजे माझी. आपल्या घरचा शब्द आपल्या हाताने पाटीवर उतरला, हे पाहून एकेका मुलाचा चेहरा कसा उजळतो, ते मी अनेकदा पाहिले आहे.

गिरवण्याला मी ऋतू जोडले ते मात्र गरजेतून. वर्गात शंभर वेळा तीच रेघ काढायला सांगितली की मुले कंटाळतात. बाहेर मात्र रेघाच रेघा असतात. आषाढात पाऊस वाऱ्याबरोबर तिरपा येई, तेव्हा उभ्या आणि तिरप्या रेघा. व्हरांड्याच्या कडेने ओल्या मातीत बोटाने काढायच्या, मग पाटीवर. श्रावणात नागपंचमीला भिंतीवर नाग काढतात. त्याची वेटोळी म्हणजे डावी-उजवी वळणे. पोळ्याला बैलाची शिंगे आणि वशिंड, त्यातून अर्धगोल. भाद्रपदात मुली भुलाबाईची गाणी म्हणत फेर धरत. त्याच फेराचा खडूने गोल काढायचा आणि त्यावरून चालायचे. पायाला गोल कळला की हाताला लवकर कळतो. पुढे उन्हाळ्यात आखाजीला झाडाला झोके बांधतात. झोका जसा खाली येऊन वर जातो तसा हात न उचलता फिरवायचा. मोडी असो की इंग्रजी कर्सिव्ह, धावत्या अक्षराचे मर्म त्या झोक्यात आहे.

दसऱ्याचा दिवस मोठा. त्या दिवशी पाटीपूजन. एकच्या आकड्यांची सरस्वती आपण सर्वांनी काढली आहे. उभे, आडवे, उलटे, सुलटे एक काढत गेले की ती आकृती उभी राहते. आज विचार करतो तेव्हा वाटते, ज्या कुणी ती पहिल्यांदा काढली त्याला शिकवण्याचे उत्तम ज्ञान असावे. पूजा म्हणून मूल तोच आकडा पंधरा-वीस वेळा गिरवते, सगळ्या दिशांनी गिरवते, आणि त्याला कंटाळा येत नाही.

याच दसऱ्याशी माझी एक चूक जोडलेली आहे. ती सांगितल्याशिवाय हे बोलणे प्रामाणिक होणार नाही. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. वर्गात एक मुलगी डाव्या हाताने लिहायची. मी पेन्सिल उजव्या हातात द्यायचो, ती पुन्हा डाव्यात घ्यायची. ‘‘गुर्जी, मना हात असाच शे,’’ ती म्हणाली. मी तिच्या डाव्या हातावर पट्टी मारली. एकदा नव्हे, अनेकदा. आमच्याही गुरुजींनी तेच केले असते. मी त्यांचा कित्ता गिरवत होतो. मुलीने लिहिणेच सोडले. पाटी समोर ठेवून नुसती बसायची. 

दसऱ्याला पाट्या कमी होत्या म्हणून मी काहींना अंगणात मातीवर सरस्वती काढायला सांगितली. थोड्या वेळाने पाहतो तर तिची सरस्वती सगळ्यांत रेखीव. डाव्या हाताच्या बोटाने काढलेली. मी मागे उभा आहे हे कळताच तिने चटकन हात फ्रॉकखाली लपवला. ती माती, ती सरस्वती आणि तो लपवलेला हात मी विसरलेलो नाही.

त्यानंतर दिवाळीची सुटी आणि कापसाचा हंगाम. आमच्याकडे कापूस वेचायला लहान बोटे लागतात. वर्ग निम्मा रिकामा होतो. कोणी शेतात, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी, आणि काही कुटुंबे ऊसतोडीला दूर निघून जातात. ती मुलगी माघात परत आली. वर्गात शिरल्यावर तिने पहिल्यांदा टेबलावर माझी पट्टी आहे का ते पाहिले. पट्टी मी काढून टाकली होती. वर्षअखेरीस ती डाव्या हाताने चांगले लिहू लागली. पण मधले महिने मी तिच्याकडून घेतले होते, ते परत देता येण्यासारखे नव्हते.

कापसाच्या हंगामात हरवलेल्या मुलांचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. पण हात हा पिकासारखा असतो, मध्येच पाणी तोडले की मागे पडतो. जूनमध्ये बसलेले वळण कार्तिकात मोडते आणि माघात पुन्हा धूळपाटीपासून सुरुवात करावी लागते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला नेले. शाळेत मूल येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, ही त्यांची रीत होती. मॉन्टेसोरीबाईंच्या पद्धतीत मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवतात. ती महागडी साधने सोडून ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, माती अशा आसपासच्या वस्तू घेतल्या. आमच्या धूळपाटीचीच ही बहीण. सरकी, चिंचोके आणि माती घेऊन मीही कापसाच्या शेताच्या बांधावर दुपारच्या सुटीत काही वर्षे बसलो. फार मोठे काम झाले असे म्हणणार नाही. काही मुलांचा हात मोडायचा वाचला, एवढेच.

जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले आणि चौरेघी वही पहिलीच्या दप्तरात शिरली. पालक मला विचारू लागले, ‘‘गुर्जी, पोर कर्सिव्ह कधी काढणार?’’ मी म्हणायचो, आधी सुटे अक्षर नीट बसू द्या. शेजारच्या घरचे पोर जोडून लिहिते म्हणून आपल्याने लिहावे, ही घाई हाताला मानवत नाही. २००९ मध्ये शासनाने मराठी वर्णमालेच्या रूपांविषयी निर्णय काढला. देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही आपली वळणे त्यात मान्य झाली. देठ आणि पाकळी! अक्षराची नावेसुद्धा झाडावरून घेतलेली. ज्या मुलाने केळीच्या पानाचा देठ हाताळला आहे, त्याला हा ‘श’ शिकवायला कष्ट पडत नाहीत.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. माझा नातू त्या जूनला पहिलीत जायचा होता. त्याची पहिली शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरली. बोट सरकवायला तो पटाईत झाला, पण ‘ग’ची गाठ त्याला घालता येईना. मग मी परातीत चाळलेली माती पसरली आणि त्याचे बोट धरले. आठवड्याभरात म आणि न आले. एके दिवशी मी त्याला ‘मना’ लिहायला सांगितले. त्याने लिहिले आणि विचारले, ‘‘आजोबा, मना म्हणजे काय?’’ शहरात वाढलेल्या पोराला आपल्याच बोलीतला ‘माझा’ माहीत नव्हता. मी अर्थ सांगितला. त्याने परात हलवली आणि तोच शब्द पुन्हा काढला, या वेळी न विचारता.

त्या दिवशी मी पेटीतले आजोबांचे दोन कागद त्याला दाखवले. ‘‘हे कोणी लिहिले?’’ ‘‘माझ्या आजोबांनी, तुझ्याएवढे असताना.’’ त्याने ओळी मोजल्या आणि म्हणाला, ‘‘शेवटची ओळ पहिल्यापेक्षा चांगली आहे.’’ ती लिपी त्याला वाचता येत नव्हती, मलाही नीट येत नाही. पण गिरवण्याचा अर्थ त्याने बरोबर वाचला होता.

श्रोतेहो, तुमच्याही घरात अशी एखादी पेटी असेल. त्यातले कागद वाळवीने खाण्याआधी एकदा जाणकाराला दाखवा. आणि घरात पहिलीतले मूल असेल तर महागडी वही आणण्याआधी त्याच्यापुढे परातभर माती ठेवा. ते ज्या हाताने लिहील त्या हाताने लिहू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)